साबणाचे पैसे आणि भाऊबीज

ताई, नमस्कार.

लग्न होऊन पुण्यात आले त्याला अठरा वर्षं झाली. माहेर माढा तालुक्यात, सीनेच्या काठी. यंदा, म्हणजे २०२५ ला, घट बसले त्याच आठवड्यात नदी गावात शिरली. माणसं वाचली, पण भाऊ कसतो ते दीड एकर नुसतं बुडालं नाही, खरडून गेलं. वरची माती गेली, खालचा मुरूम दिसतोय. दोन शेरडं गेली. वडील तीन वर्षांपूर्वी वारले, आई भावाकडेच असते.

मी हौसेनं घरी साबण करते, कोल्ड प्रोसेसचे, म्हणजे तेलात कॉस्टिक सोडा घालून, न शिजवता. आजवर नात्यात आणि मैत्रिणींतच दिले. आता सोसायटीतल्या बायका म्हणतात, दिवाळीला दोनशे साबण कर, आम्ही खपवतो, पैसे पूरग्रस्तांना पाठव. एक साबण मला ५५ रुपयांना पडतो. १२० ला विकला तर २४ हजार जमतील. साबण चार आठवडे तरी वाळवावे लागतात, पण तेवढे दिवस नाहीत. पंधरा दिवसांत दिले तर चालेल का? जाऊबाई म्हणतात, डबीवर पाण्यात बुडालेल्या घराचा फोटो लाव, हातोहात जातील. नवरा म्हणतो, पाच हजार मुख्यमंत्री सहायता निधीला टाक आणि मोकळी हो, हा खटाटोप कशाला?

आणखी एक आहे, ते इथे कुणाला विचारता येत नाही. जमलेल्या पैशातले थोडे भावाला दिले तर चुकेल का? तोही पूरग्रस्तच आहे.

– सीनाकाठची लेक



सीनाकाठच्या लेकीला सप्रेम नमस्कार.

शेवटचा प्रश्न मी आधी घेते. साबणाचं कसंही निभेल, तो प्रश्न मात्र तुम्हाला झोपू देत नसणार.

भाऊ पूरग्रस्त आहे, यात वादच नाही. पण शेजारची बाई पर्समधून १२० रुपये काढते ती ‘पूरग्रस्तांसाठी’ या एका शब्दावर. तिच्या मनात तुमचा भाऊ नसतो, तिला तो माहीतही नसतो. पुढे कधीतरी लिफ्टमध्ये कुणी विचारील, “काय गं, ते पैसे नक्की कुठे दिलेस?” तेव्हा “माझ्या भावाला दिले” हे खरं असलं तरी तुमच्या तोंडून चाचरतच बाहेर पडेल. जे उत्तर द्यायला चाचरावं लागेल, त्याची सोय आधीच करायची.

सोय दोन तऱ्हांनी होते. साबण हा तुमचा धंदा समजा, नफा तुमचा, तो कुणाला द्यायचा ते तुम्ही ठरवा. मग पूर, पूरग्रस्त, मदत यातला एकही शब्द डबीवर नको आणि बोलण्यातही नको. भावाला सगळेच्या सगळे द्या, कुणाच्या बापाचं काही जात नाही. नाहीतर तो शब्द ठेवा, पण मग त्या पैशांना भावाचा हात लागता कामा नये. आणि कुणाला द्यायचे हेही भावानं ठरवायचं नाही. गाव लहान असतं. ‘बहिणीनं पुण्याहून पैसे पाठवले, ह्यानं वाटले, आम्हाला नाही दिले’ हे त्याच्या दारात आयुष्यभर बसेल. शेत एकदा वाहून गेलं, त्यात ही भर कशाला?

तुमच्या पत्राचा सूर ऐकून सांगते, तुम्हाला दुसरी तऱ्हा हवी आहे. भावासाठी भाऊबीज आहेच की, २३ ऑक्टोबरला. दर वर्षी तो तुम्हाला ओवाळणी घालतो. यंदा ओवाळून झालं की एक पाकीट तुम्ही त्याच्या हातात द्या. स्वतःच्या पैशाचं. आईसमोर नको, त्याला लाज वाटेल. स्वयंपाकघरात, एकटा असताना.

आणि त्याआधी, म्हणजे आजच, त्याला एक फोन करा. हे साबणापेक्षा मोठं काम आहे. ७ ऑक्टोबरला राज्य सरकारनं जे पॅकेज जाहीर केलं त्यात खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आहेत, शिवाय जमीन पुन्हा तयार करायला रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाखांपर्यंत कामं. दीड एकर म्हणजे साधारण ०.६ हेक्टर, तेव्हा रोख रक्कमच २८ हजारांच्या घरात जाते. तुमचे दोनशे साबण विकून तेवढे उरणार नाहीत, हे पुढे हिशेबात दिसेलच. तर भावाला विचारा: पंचनामा झाला का? त्यात ‘पिकाचं नुकसान’ एवढंच लिहिलंय की ‘जमीन खरडली’ असंही नोंदवलंय? दोन्हींची मदत वेगळी असते. बँक खातं आधारला जोडलेलं आहे ना? आणि सातबारा कुणाच्या नावावर आहे?

हा शेवटचा प्रश्न मुद्दाम विचारतेय. वडील जाऊन तीन वर्षं झाली म्हणता. सातबारा अजून त्यांच्याच नावावर असेल तर वारसनोंदीचं काम आधी. नोंद झाली असेल तर आई आणि भावाबरोबर तुमचंही नाव तिथे असायला हवं. खातं सामायिक असलं की पैसे एकाच्या खात्यावर जमा करायला बाकीच्यांचं संमतिपत्र मागतात. तुमच्या एका सहीवाचून भावाचे २८ हजार तलाठी कार्यालयात अडकलेले असतील आणि तुम्ही इथे पुण्यात साच्यांतून साबण काढत बसला असाल, असं होऊ देऊ नका.

आता साबण.

२४ हजार हा आकडा मनातून काढून टाका. ती विक्री झाली, मदत नाही. दोनशे साबणांचा तुमचाच खर्च ११ हजार. उरले १३. त्यातून डब्या, लेबलं, चार-पाच तुटके, दोन-तीन ‘नमुना म्हणून’ गेलेले आणि एखादी उधारी, जी वसूल करायला तुमची जीभ रेटणार नाही. दहा हजार राहिले तर उत्तम म्हणायचं. हे वाईट नाही. वाईट काय, तर ग्रुपवर ‘२४ हजारांची मदत’ असं लिहिणं. ‘सर्व नफा पूरग्रस्तांना’ हेही लिहू नका. नफा म्हणजे किती ते फक्त तुम्हालाच ठाऊक, हे घेणारीच्याही मनात येतं. सरळ लिहा: ‘या साबणाच्या १२० रुपयांतले ५० रुपये अमुक शाळेला.’ (शाळाच का, ते पुढे सांगते.) मग तेल महाग होवो की साबण तुटोत, त्या पन्नासाला हात लावायचा नाही. तोटा आला तर तुमचा. तेवढी तयारी नसेल तर चाळीस लिहा, पण लिहिलं ते दिलं पाहिजे.

मी हे शहाणपण फुकट मिळवलेलं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला पूर आला तेव्हा आम्ही आठ जणींनी पणत्या रंगवून विकल्या आणि शिरोळ तालुक्यातल्या एका शाळेला वह्या दिल्या. पै न् पै पोचवली. पण हिशेब निम्मा माझ्या डोक्यात आणि निम्मा दुधाच्या वहीच्या मागच्या पानावर. जानेवारीत हळदीकुंकवाला एकीनं तीळगूळ घेता घेता हसत विचारलं, “पणत्यांचं काय झालं हो पुढे?” घरी येऊन बेरीज केली तर ६४० रुपये लागेनात. रात्री साडेअकराला आठवलं, खोकी आणि रिक्षा. पण तोपर्यंत हळदीकुंकू उरकलं होतं. ती बाई आजही भेटते, आजही छान हसते, आणि मला अजून ते ६४० रुपये आठवतात. वही घाला. आजच. आणि पैसे तुमच्या घरखर्चाच्या खात्यात नकोत. पडून असलेलं एखादं वेगळं खातं असेल तर त्याचाच क्यूआर कोड द्या.

पंधरा दिवसांत साबण द्यायचे का? नाही. कारण तुम्हालाही माहीत आहे, फक्त कुणीतरी ‘चालेल’ म्हणावं अशी इच्छा आहे. तेल आणि कॉस्टिकची प्रक्रिया एक-दोन दिवसांत बहुतेक पुरी होते, ते खरं. म्हणून पंधरा दिवसांचा साबण हात जाळणार नाही, सोडा ग्रॅममध्ये मोजून घातला असेल तर. (वाटीनं मोजत असाल तर कुणाला देऊच नका. किलोभर खोबरेल तेलाला १८३ ग्रॅमच्या आसपास सोडा लागतो आणि एरंडेलाला १२८ च्या. एका वाटीचा अंदाज दोन्हींना कसा चालेल?) पण बाकीचे आठवडे लागतात ते पाणी उडायला. कच्चा साबण पहिल्या दिवशी फेसाळतो, चौथ्या दिवशी साबणदाणीत लगदा होऊन बसतो. आणि हे होणार कधी? नरकचतुर्दशीला, पहाटे साडेचारला, उटणं लावून बसलेल्या माणसाच्या हातात. त्या पहाटेची सर्वांची आठवण मोती साबणाची असते, घट्ट, गोल, आठवडा पुरणारा. तुमची तुलना त्याच्याशी होणार. दया म्हणून घेतलेला साबण एकदाच घेतला जातो.

आणि आता जे सांगणार आहे ते तुम्हाला आवडणार नाही. अंगाचा साबण आपल्याकडे कायद्यानं सौंदर्यप्रसाधन आहे. विक्रीसाठी बनवायचा तर १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली आणि २०२० च्या नियमांप्रमाणे अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना लागतो. स्वयंपाकघराच्या ओट्यावर तो मिळत नाही. ‘चांगल्या कामासाठी’ असं कलम त्यात नाही. बायका यातून एक पळवाट काढतात, साबण विकायचा नाही, देणगी घेऊन ‘भेट’ द्यायचा. कायद्यात विक्रीच्या शेजारी वाटप हा शब्दही आहे, तेव्हा ती वाट फार लांब जात नाही. नणंदेला दोन वड्या दिल्यात तर कुणी विचारणार नाही. दोनशे डब्यांवर नाव छापून ग्रुपवर जाहिरात केलीत की प्रकरण वेगळं. एखाद्या बाळाच्या अंगावर पुरळ उठलं तर तुमच्या बाजूनं बोलायला एक कागद नसेल.

मग सोडून द्यायचं का? नाही हो. दिवाळी सोडा, साबण नका सोडू. संक्रांत धरा.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू असतं आणि प्रत्येक घरात एकच रड असते, ‘यंदा लुटायचं काय?’ प्लॅस्टिकचे डबे झाले, चाळण्या झाल्या, कुंकवाच्या डब्या झाल्या. त्या जागी ५० ग्रॅमची एक सुंदर वडी, वाळा नाहीतर नागरमोथ्याच्या वासाची, वाण म्हणून जी बाई देईल तिला शेजारीण विचारणारच, कुठून आणलास? शिवाय वाण एकीला एक लागत नाही, पंचवीस, चाळीस, साठ असं लागतं. दिवाळीला दोनशे दारं वाजवावी लागली असती, संक्रांतीला पाच-सहा घरांत काम होतं. हातात तीन महिने आहेत. एवढ्या वेळात साबणाचा परवाना असलेलं एखादं छोटं युनिट शोधा, तुमच्या कृतीनं, तुमच्या देखरेखीखाली त्यांच्याकडून करून घ्या. लेबलवर त्यांचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, घटक, वजन, बॅच, किंमत सगळं येईल. परवाना बघायला मागा, आणि तो साबणाचाच आहे ना हेही बघा, फक्त तेला-शांपूचा नको. खर्च ५५ च्या वर जाईल. त्यातल्या त्यात, २२ सप्टेंबरपासून साबणावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आलाय. दर आला की मांडणी नव्यानं करा, आणि शाळेला किती जाणार ते तेव्हा ठरवा. दिवाळीत फक्त एक करा, घरच्या फराळाला येणाऱ्या बायकांकडून संक्रांतीची नोंदणी घ्या. पैसे आत्ता घेऊ नका. नाव आणि आकडा, बस.

लेबलवर ‘खाज जाते’, ‘चिखल्या बऱ्या होतात’ असलं काही लिहू नका. तसं लिहिलं की साबण औषधाच्या दारात जाऊन उभा राहतो आणि नियम आणखी कडक होतात.

जाऊबाईंच्या फोटोबद्दल. त्यांचा हेतू वाईट नाही, आणि फोटो लावला तर साबण खपतील हेही खरं आहे. पण तुमची आई पुढच्या उन्हाळ्यात पुण्याला येईल, कुणाच्या तरी बाथरूममध्ये हात धुवायला जाईल, आणि कोनाड्यातल्या डबीवर तिला तिचंच घर दिसेल, कमरेएवढ्या पाण्यात. मला एवढं एकच चित्र पुरलं. तुम्हालाही पुरेल.

पुराचा संबंध दाखवायचाच असेल तर तो वस्तूतून दाखवता येतो का ते बघावं. २०१८ च्या ऑगस्टमध्ये केरळात पूर आला तेव्हा एर्नाकुलम जिल्ह्यातल्या चेंदमंगलमच्या हातमागवाल्यांचा ओणमसाठी विणून ठेवलेला माल चिखलात गेला. त्या डागाळलेल्या साड्या जाळून टाकण्याऐवजी धुऊन, निर्जंतुक करून, कापून त्यांच्या बोटाएवढ्या बाहुल्या केल्या, चेकुट्टी नावाच्या. एका साडीत साडेतीनशेच्या आसपास बाहुल्या, एकेक २५ रुपयांना. साडी धड विकली असती तर आले असते त्याच्या कितीतरी पट पैसे आले, आणि ते विणकरांकडे गेले. बाहुलीवर डाग तसाच ठेवला होता. फोटो लागला नाही.

तुमच्या साबणात सीनेचं असं काय आहे? ओढूनताणून काही आणू नका, चिखल तर नकोच. सोलापुरी टर्किशचा छोटा नॅपकिन वडीभोवती गुंडाळून, सुतळीनं बांधून दिलात तर दिसायला छान दिसेल, प्लॅस्टिकची डबी वाचेल, वाण म्हणूनही भरदार वाटेल. मात्र सोलापूर शहरातले यंत्रमाग म्हणजे सीनाकाठची शेतं नव्हेत. नॅपकिन सोलापूरचा आहे एवढंच सांगा, ‘पूरग्रस्तांनी विणलेला’ असं कुणी ग्रुपवर लिहिलं तर लगेच दुरुस्त करा.

पैसे कुणाला, याचंही उत्तर उशिरातच आहे. आत्ता गावात ट्रक येताहेत, बिस्किटं, सतरंज्या, जुने कपडे. २०१९ ला शिरोळकडच्या त्या शाळेच्या व्हरांड्यात मी जुन्या कपड्यांचा छातीएवढा ढीग पाहिलाय. वर एक भरजरी शेरवानी होती. दिवाळी झाली की ट्रक थांबतात. तुमचे पैसे जानेवारीअखेर हातात येतील. तेव्हा ते फार उशिरा आले असं वाटू देऊ नका. जूनमध्ये शाळा उघडते. जिल्हा परिषदेच्या शाळेत पाठ्यपुस्तकं सरकार देतं, वह्या, दप्तर, कंपास घरच्यांनाच घ्यावं लागतं, आणि ज्या घरानं दोन हंगाम गमावलेत तिथे जूनचा पहिला आठवडा फार जड जातो. मुख्याध्यापकांशी आत्ताच बोला, पट किती ते विचारा, यादी त्यांच्याकडून घ्या. रोख देऊ नका. वस्तू घ्या, बिल शाळेच्या नावानं करा, आणि त्या बिलाचा फोटो साबण घेतलेल्या प्रत्येकीला पाठवा. तुमची भाचरं त्याच शाळेत असतील तर त्यांनाही दप्तर मिळेल, शेजारच्या पोरांना मिळेल तसंच, रांगेत उभं राहून. त्यात चाचरण्यासारखं काही नाही.

दोन गोष्टी पटकन. कुणी ८०जीची, म्हणजे देणगीवर आयकरात सूट मिळवायची, पावती मागेल. साबण विकत घेणं ही देणगी नव्हे, पावती नाही, स्पष्ट सांगा. आणि साबणाशिवाय नुसतीच वर्गणी गोळा करायचा मोह झाला, सोसायटीत डबा फिरवावा वाटला, तर आधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात विचारा. गणपती मंडळं कलम ‘४१ क’ खाली परवानगी घेतात, तीच वाट.

राहिले तुमचे यजमान. त्यांचं म्हणणं मला तुमच्यापेक्षा जास्त पटतंय, फक्त ‘मोकळी हो’ सोडून. पाच हजार आजच पोचतात, साबणाचे जूनला पोचणार आहेत. तेव्हा त्यांना म्हणावं, टाका पाच हजार, आत्ता, माझ्यासमोर, पावती छापून घ्या, तिच्यावर जुन्या करप्रणालीत ८०जीही मिळतं. दोन्ही होऊ द्या. तुम्ही मात्र मोकळ्या होणार नाही, होऊही नका. ज्या नदीत पोहायला शिकलात तिनं घर बुडवलं, आणि तुम्ही दोनशे किलोमीटरवर बसून काही करू शकत नाही, म्हणून हात साबणाकडे वळलेत. तेलात सोड्याचं पाणी ओतून ढवळत राहिलं की थोडा वेळ बरं वाटतं. वाटू दे. फक्त पाण्यात सोडा घालायचा, सोड्यात पाणी नाही, भांडं अ‍ॅल्युमिनियमचं नको आणि खिडकी उघडी हवी, हे घाईत असतानाही विसरायचं नाही. त्या वड्या घरात वापरा, आईला पाठवा.

युनिटचा दर कळला की मला लिहा. आणि वहीच्या पहिल्या पानावर माझ्या नावापुढे पंचवीस मांडून ठेवा, वाळ्याच्या. केवड्यानं माझं डोकं दुखतं.